सहा मिलिमीटरचा बंपर

माझ्याकडची एमजीबी ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार १९७६ सालची आहे, आणि या गाडीची थोडीफार ओळख असलेल्याला एवढ्या सालावरूनच तिच्या तोंडावर जाड काळा बंपर असणार हे समजते. १९६२ मध्ये हे मॉडेल आले तेव्हा त्याला क्रोमचा मुलामा दिलेला नाजूक बंपर होता. पुढे अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलांपासून असा नियम आला की ताशी पाच मैल वेगाने समोरून धडक बसली तरी दिवे आणि सुरक्षेचे इतर भाग शाबूत राहिले पाहिजेत. या गाडीचा मोठा ग्राहकवर्ग अमेरिकेत असल्यामुळे कारखान्याने १९७४ च्या उत्तरार्धात पोलादी सांगाड्यावर पॉलियुरेथेनचे जाड आवरण चढवलेला बंपर बसवायला सुरुवात केली. सगळे त्याला रबरी बंपर म्हणतात, पण रबर त्यात नावालाही नाही. तो नियमात सांगितलेल्या उंचीवर यावा म्हणून गाडीही इंच-दीड इंच वर उचलण्यात आली, आणि १९८० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ती तशीच राहिली.

या काळ्या बंपरवर माझा तसा राग नव्हता. गाडीच्या वयाची ती एक खूण आहे असे मी अनेक वर्षे मानत आलो होतो. परंतु उन्हाने आवरण विटले, डाव्या कोपऱ्यावर भेगा पडल्या, आणि त्या भेगांतून शिरलेल्या पाण्याने आतला सांगाडा गंजू लागला. तेव्हा दुरुस्ती करायची की बदल, हे ठरवणे भाग पडले. मी शर्यतीच्या गाड्यांच्या धाटणीचा, बंपर आणि त्याखालचा पत्रा एकाच तुकड्यात साधणारा फायबरग्लासचा पुढचा भाग मागवला. यात एक गोष्ट आधीच मान्य केलेली बरी. फायबरग्लासचा हा तुकडा आकाराने बंपर असला तरी कामाने बंपर नाही. त्याच्या मागे धक्का शोषणारे काहीच नसते, त्यामुळे जिथे तो बसवायचा तिथले नोंदणीचे नियम आणि विम्याच्या अटी आधी पाहून घ्याव्यात. मी त्या पाहिल्या आणि मगच जुन्या बंपरला पान्हा लावला.

उतरवण्याचे काम कंटाळवाणे होते. या सालच्या गाडीत बॅटरी आसनांच्या मागे असते, ती आधी सोडवली. इंडिकेटर काळ्या बंपरच्याच पोटात बसवलेले असल्यामुळे त्यांच्या तारा बॉनेटखालच्या जोडांपासून सुट्या केल्या आणि प्रत्येक तारेला कागदी चिठ्ठी बांधली. चासीच्या टोकांवरचे नट मी दोन रात्री तेलात भिजत ठेवले होते. त्यांतले तीन मुकाट्याने सुटले, चौथा ग्राइंडरने कापावा लागला. हा बंपर किती जड आहे याचा अंदाज तो हातात येईपर्यंत येत नाही. खाली जॅकवर लाकडी फळी ठेवली नसती तर शेवटचा नट सुटताच तो माझ्या आणि भाच्याच्या पायांवर आला असता.

नवा तुकडा त्या मानाने एका हाताने उचलण्याजोगा होता, आणि माझी पहिली चूक याच हलकेपणातून झाली. खोके उघडल्यावर मी तो भिंतीला टेकवून एका टोकावर उभा केला आणि रजा मिळेपर्यंत आठवडाभर तसाच राहू दिला. फायबरग्लासमधले काचतंतू बांधून ठेवणारे पॉलिएस्टर रेझिन साच्यातून बाहेर काढताना घट्ट झालेले दिसते, परंतु त्याचे पक्व होणे त्यानंतरही बरेच दिवस हळूहळू चालू असते, आणि त्या काळात तुकडा ज्या अवस्थेत ठेवावा त्या अवस्थेकडे तो झुकतो. आठ दिवसांनी पाहिले तर दोन्ही टोकांमधले अंतर गाडीच्या अंतरापेक्षा बारा मिलिमीटरने जास्त भरत होते. त्याला आडवे, सर्व बाजूंनी आधार देऊन ठेवायला हवे होते. शक्य असेल तर गाडीवरच हलके बांधून ठेवणे सर्वांत चांगले.

मापाकडे वळण्यापूर्वी मी तुकडा नीट तपासला. पुढची बाजू, म्हणजे जेलकोट हा तंतू नसलेल्या रेझिनचा बाहेरचा थर, गुळगुळीत आणि करडा होता. मागची बाजू मात्र मॅटच्या, म्हणजे काचतंतूंच्या चटईच्या, तंतूंनी खरखरीत होती. कडेची जाडी मोजली तेव्हा कुठे अडीच मिलिमीटर, तर कुठे पाच भरली. हाताने रचलेल्या कामात एवढा फरक असतोच. मग एका नाण्याने सगळ्या पृष्ठभागावर टकटक करत गेलो. चांगल्या जागी टणक, स्वच्छ आवाज येतो, आणि जेलकोटच्या मागे हवा अडकलेली असेल तिथे तो बसका येतो. उजव्या कोपऱ्याच्या वळणावर रुपयाएवढ्या दोन जागा तशा निघाल्या. तीव्र वळणात मॅट नीट दाबली न गेल्याने हे होते. त्या जागा फोडून भरणे आत्ताच केलेले बरे, कारण रंग दिल्यानंतर पहिल्या कडक उन्हात त्या स्वतःहून फुगून वर येतात.

फाकलेली टोके जवळ आणायला उष्णता लागली. पट्ट्याने टोके हव्या त्या अंतरापेक्षा किंचित जास्त आवळली, मागच्या बाजूने हॉट-एअर गन सतत फिरवत ठेवून मधला भाग हाताला सोसणार नाही इतपत गरम केला आणि रात्रभर तसाच बांधून ठेवला. रेझिन एका मर्यादेपलीकडे तापले की किंचित नरम पडते आणि निवताना नवा आकार धरते. पण गन एकाच जागी थांबली तर जेलकोट करपतो, म्हणून हात चालता ठेवावा लागतो. दोन रात्रींत बारा मिलिमीटरचा फरक दीडवर आला. एवढा फरक बोल्ट सहज सामावून घेतात.

त्यानंतर मी तुकडा पहिल्यांदा गाडीला लावून पाहिला. भोके पाडायची नव्हती. केवळ चिकटपट्टी, शिकंजे आणि खाली लाकडी ठोकळे यांच्या आधारावर तो उभा केला. उजव्या मडगार्डशी फट चार मिलिमीटर, अगदी हवी तशी. डाव्या मडगार्डशी ती दहा मिलिमीटर होती. वाकण्याचा प्रकार नुकताच घडून गेल्यामुळे मी लगेच तुकड्यालाच दोषी ठरवले. बनवणाऱ्याला पाठवायच्या तक्रारीचा मजकूरही मनात तयार झाला होता. दरम्यान तुकडा डावीकडे सरकवून फट दोन्हीकडे सात-सात करून पाहिली, तेव्हा बॉनेटच्या मध्यावरच्या चिन्हाखाली जाळीचे तोंड एका बाजूला गेल्यासारखे दिसू लागले. तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. पण गाडीच्या तोंडाच्या मध्यभागी नजर तेवढा फरकही सोडत नाही.

“मामा, बंपर वाकडा आहे म्हणताय, पण गाडी सरळ आहे हे कुणी सांगितलं?” भाच्याने विचारले. त्याला शिकंजे धरून उभे राहण्याचा कंटाळा आला होता आणि प्रश्न त्या कंटाळ्यातूनच आला असावा, पण मला तो लागला. तोवर मी सगळी मापे मडगार्डाच्या कडेपासून घेत होतो, आणि ती कड बरोबर आहे हे गृहीत धरले होते.

मग सगळे काढून ठेवले आणि गाडी सपाट फरशीवर आणली. पुढच्या सस्पेन्शनचा आडवा तुळईसारखा भाग चासीला चार लांब बोल्टांनी जोडलेला असतो. ते बोल्ट दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आहेत हे आधी पडताळून पाहिले. त्यांच्यापासून ओळंबा सोडून फरशीवर खुणा केल्या, मडगार्डांच्या टोकांपासून आणि बॉनेटच्या मध्यापासूनही तसेच ओळंबे सोडले, आणि खुणांमधली सरळ व तिरकी अंतरे मोजली. फरशीवर खडूने काढलेल्या त्या आकृतीत उत्तर होते. बॉनेट मध्यावर होते, उजवे मडगार्ड जागेवर होते, आणि डाव्याचे खालचे टोक सहा मिलिमीटर मागे होते. या गाडीची पुढची मडगार्डे बोल्टने बसवलेली असतात, म्हणून ते सैल करून पुढे ओढावे असा विचार मनात आला, पण दाराशी असलेली त्याची फट अचूक होती. दोष जागेचा नव्हताच. आतून हात फिरवला तेव्हा खालच्या भागात जोडाची शिवण लागली. कधीतरी कुठेतरी ठोकर बसून तेवढा पत्रा बदलला गेला होता आणि बदलणाऱ्याने तो सहा मिलिमीटर आखूड ठेवला होता. जाड काळ्या बंपरच्या आड ही गोष्ट इतकी वर्षे लपून राहिली. मनातली तक्रार मनातच राहिली हे बरे झाले.

आता पत्रा पुन्हा कापून जोडायचा, की बंपरची डावी कड सहा मिलिमीटरने वाढवायची, असे दोन मार्ग होते. पत्रा दुरुस्त करणे तत्त्वाने योग्य होते, पण त्यासाठी मडगार्डाचा चांगल्या अवस्थेतला रंग गेला असता. फायबरग्लासला तसाही रंग द्यायचाच होता. मी बंपर वाढवायचे ठरवले, आणि त्याबरोबरच एक नियम घालून घेतला. यापुढे मध्य बॉनेटवरून घ्यायचा, उंची हेडलाइटच्या खालच्या कडेवरून घ्यायची, आणि मडगार्डाशी जे उरेल ते भरून काढायचे. तीन ठिकाणांहून तीन मापे घेऊन त्यांची सरासरी काढत बसलो असतो तर प्रत्येक फट थोडी थोडी चुकली असती.

कड वाढवण्याच्या कामात मला सर्वांत जास्त आनंद मिळाला, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. डाव्या टोकाची मागची बाजू कडेपासून पन्नास मिलिमीटरपर्यंत ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून ताजे तंतू उघडे पाडले, कारण जुन्या, चकाकणाऱ्या रेझिनवर नवे रेझिन केवळ चिकटल्यासारखे दाखवते आणि पुढे पापुद्र्यासारखे सुटते. पुढच्या बाजूने कडेला तिरका उतार दिला, म्हणजे नवा भाग जुन्यावर चढून बसेल. दोन्ही बाजू अ‍ॅसिटोनने पुसल्या. मडगार्डाच्या कडेवर खोकी बंद करायची तपकिरी चिकटपट्टी दोन थरांत लावली. पॉलिएस्टर रेझिन तिला धरत नाही, त्यामुळे मडगार्डाची कड हाच माझा साचा झाला. चार मिलिमीटरची फट राहावी म्हणून त्याच जाडीची, त्याच पट्टीत गुंडाळलेली पुठ्ठ्याची पट्टी मध्ये ठेवली. मग तुकडा ठरलेल्या जागी शिकंज्यांत पक्का करून मागून चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे दोन थर रेझिनने भिजवत बसवले. ब्रश ओढायचा नसतो, टोचत जायचे असते. ओढला की मॅट ब्रशाबरोबर निघून येते आणि आत हवा राहते. पुढचा उतार तुकडे केलेले तंतू मिसळलेल्या लांबीने, म्हणजे खड्डे बुजवायच्या लगद्याने, भरून काढला.

पहिल्या खेपेस मी अर्धा किलो रेझिन एकदम कालवले आणि त्यात ते घट्ट करणारा हार्डनर दोन टक्के टाकला. डबा खोल होता, दिवस उष्ण होता, आणि माझी मॅट कापून व्हायची होती. दहा मिनिटांत डब्यातून वाफ येऊ लागली आणि रेझिनचा तडकलेला पिवळा गोळा तयार झाला. ही क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते आणि त्याच उष्णतेने आणखी वेग घेते. खोल डब्यात ती उष्णता बाहेर पडायला जागा नसते. तो डबा उघड्यावर नेऊन ठेवला, आणि दुसऱ्या खेपेस शंभर-शंभर ग्रॅम, पसरट भांड्यात, एक टक्का हार्डनर घालून कालवले. मॅट आधी कापून, क्रमाने मांडून ठेवली. या हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे मी चष्म्यावर चष्मा लावून काम करत होतो आणि भाचा हसत होता.

धुळीबद्दलही सांगायला हवे. घासलेल्या फायबरग्लासची धूळ श्वासात जाऊ नये यासाठी साधे फडके पुरत नाही, बारीक कणांसाठीचा चांगल्या दर्जाचा मुखवटा लागतो. त्वचेवर ती खाजते, आणि गरम पाण्याने अंघोळ केली तर खाज आणखी वाढते हे मी पहिल्या संध्याकाळी शिकलो. थंड पाणी, अंग न चोळता. शक्य तिथे पाणी लावून घासले की धूळ उडतच नाही.

बसवण्यासाठी चासीच्या ज्या टोकांवर जुना बंपर होता त्यांचाच आधार घेतला. तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या दोन कोनपट्ट्या तयार केल्या आणि त्यांत लांबट भोके ठेवली, म्हणजे पुढे-मागे आणि वर-खाली सरकवता येईल. बंपरच्या मागच्या बाजूला भोके असलेल्या गोल चकतीवर बोल्ट जोडलेली जी पकड मिळते, ती मॅटच्या तीन थरांत गाडली. त्यामुळे पुढून एकही बोल्ट दिसत नाही. मडगार्डाशी मात्र दोन्हीकडे सरळ बोल्टच हवे होते. तिथे चिकटपट्टी लावून, मागे लाकडाचा ठोकळा दाबून धरून, ड्रिल आधी उलट्या दिशेने फिरवत जेलकोट कापला आणि मग सुलट्या दिशेने आरपार गेलो. सुरुवातीलाच सुलट फिरवले की बिट जेलकोटला धरतो आणि भोकाभोवती टवके उडतात. सहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक आठचे ठेवले. हा ढिलेपणा मुद्दाम आहे. या प्रकारचे फायबरग्लास तापल्यावर पोलादापेक्षा दुपटीहून अधिक पसरते, आणि दीड मीटर लांबीवर चाळीस अंशांचा फरक पडला तर दोघांत सुमारे एक मिलिमीटरची तफावत येते. त्या मिलिमीटरला जागा दिली नाही तर तो स्वतःच भेग पाडून जागा करून घेतो. बोल्टखाली रुंद वॉशर आणि त्याखाली रबरी चकती, एवढे पथ्य मी पाळले. एक सोडून, आणि त्याची फळे पुढे येतीलच.

रंगकामाबद्दल थोडक्यात. साच्यातून सुटावा म्हणून लावलेले मेण पृष्ठभागावर उरलेले असते. ते काढण्यापूर्वी पॉलिशपेपर लावला तर मेण ओरखड्यांत बसते आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. म्हणून आधी मेण काढणाऱ्या द्रवाने दोनदा, दर वेळी नव्या फडक्याने पुसले, मग १८० आणि ३२० नंबरने घासले. घासताना जेलकोटमधली सुईच्या टोकाएवढी छिद्रे उघडी पडली. ती प्रायमरने बुजतील असे वाटते, पण बुजत नाहीत. त्यांत बारीक लांबी ब्लेडच्या कडेने दाबून भरावी लागली. त्यावर एपॉक्सी प्रायमर, आणि त्यानंतर ८०० नंबरने पाण्यात घासून रंग. रंगाआधी आणि रंगानंतर, दोन्ही वेळा तुकडा गाडीला लावून पाहिला, कारण प्रायमर आणि रंगाचे थर मिळून फटीतले थोडे अंतर खातात.

इंडिकेटरच्या वेळी मात्र मी अर्धा दिवस स्वतःला मूर्ख म्हणत बसलो. नव्या तुकड्यात दोन्ही बाजूंना गोल दिवे बसवले. प्रत्येक बल्बच्या आत उजळणाऱ्या तारा दोन, म्हणजे पार्किंग आणि इंडिकेटर एकातच. हिरव्यावर लाल रेघ असलेली वायर डावीकडे, हिरव्यावर पांढरी रेघ असलेली उजवीकडे, लाल वायर पार्किंगला, सगळे चिठ्ठ्यांप्रमाणे जोडले. डावा इंडिकेटर दिला तर मोठ्या तारेऐवजी पार्किंगची बारीक तार लुकलुकू लागली आणि तिच्याबरोबर गाडीचे मागचे दिवेही मंद उजळू लागले. मी स्विच तपासला, फ्लॅशर तपासला, वायरी अदलाबदल करून पाहिल्या. कारण समोरच होते. या दिव्याला परतीची वायरच नव्हती. ज्या पत्र्यावर तो बसवायचा त्या पत्र्यातूनच प्रवाह परत जाईल अशी त्याची रचना होती, आणि मी तो बसवला होता फायबरग्लासवर, ज्यातून वीज वाहत नाही. इंडिकेटरचा प्रवाह वाट शोधत पार्किंगच्या तारेतून उलटा जाऊन मागच्या दिव्यांमार्गे परतत होता. दोन्ही दिव्यांच्या खोबणीपासून काळी वायर काढून चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या बोल्टला जोडली आणि सगळे सुरळीत झाले.

शेवटची जोडणी दोघांनी मिळून दीड तासात केली. डावीकडे आणि उजवीकडे चार-चार मिलिमीटर, वर हेडलाइटखाली समांतर रेषा, आणि मध्य चिन्हाच्या बरोबर खाली. नाक हलके झाल्यामुळे गाडी पुढून थोडी वर आली होती. ते दिवसा लक्षात आले नाही. रात्री समोरच्या भिंतीवर पडणारा हेडलाइटचा प्रकाश नेहमीपेक्षा वर दिसला तेव्हा आले, आणि दोन्ही दिव्यांचे रोख पुन्हा खाली आणावे लागले.

तीन आठवड्यांनी धुताना उजव्या मडगार्डाजवळच्या बोल्टभोवती ताऱ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या. नटावर पान्हा ठेवताच आठवले की त्या एका ठिकाणी रबरी चकती सापडली नव्हती, म्हणून मी ती न घालता, वर भरवशासाठी अर्धा वेढा जास्तच आवळला होता. भेग जेलकोटपुरती होती. ती कोरून लांबी भरली, पुन्हा रंग दिला, चकती घातली, आणि नट हाताने पूर्ण बसल्यावर केवळ पाव वेढा फिरवून स्वतः न सुटणारा दुसरा नट त्यावर चढवला. डाव्या बाजूला, जिथे सहा मिलिमीटर मी स्वतः घातले आहेत, तिथे अजून काही झालेले नाही. मागचा काळा बंपर जागेवरच आहे. त्याचा सांगाडा शाबूत निघाला, त्यामुळे त्याच्या नटांवर तेल टाकण्याची मला सध्या घाई नाही.